नॉस्केचा हॉर्न

कुराबिनच्या मातीनं मोठ्या लीगला एक महान खेळाडू दिला. हे वाक्य आमच्या फुटबॉल क्लबच्या फलकावर सोनेरी अक्षरांत आहे आणि ते मी लिहिलेलं आहे. फलकासाठी आणलेली फळी सव्वा फूट कमी निघाली, म्हणून रंगाऱ्यानं 'महान' गाळला. कुणाचीही तक्रार आली नाही.

"पोरगा मिळणार नाही," वॉली क्राउच म्हणाला. "पाय पाहिजे असेल तर आणखी एक देतो." हे त्यानं समोरच्या ताटाकडे बघून म्हटलं. शहरातून आलेला मिस्टर डन्स्टन कोकराची दुसरी तंगडी संपवत होता. क्राउच आमच्या क्लबचा अध्यक्ष, आणि बैठक भरली होती ती खोली त्याच्याच दारूच्या दुकानामागची. त्यामुळे आमच्याकडे ठराव कोरडे होत नसत.

"तीन सामने," डन्स्टन म्हणाला. "फक्त तीन. कागदोपत्री तो तुमचाच. तीन शनिवार आमच्या वॉरफील्ड क्लबकडून खेळेल. जमलं तर चौथ्यासाठी तुमची सोडचिठ्ठी लागेल. नाही जमलं तर आहे तसा परत."

"आणि ते तीन शनिवार आमच्याकडून कोण खेळायचं? तुम्ही?"

"खेळायचो मी एके काळी."

"दिसतंय," क्राउच डन्स्टनच्या पोटाकडे बघत म्हणाला. "अहो, अठरा माणसं जमवताना माझ्या तोंडाला फेस येतो. मागच्या शनिवारी पोस्टमनला बचावात उभा केला. मध्यंतरात तो पत्रं वाटायला गेला, तो गेलाच."

मी क्लबचा सेक्रेटरी. शाळेत इतिहास शिकवायचो, आणि कुराबिनमध्ये ज्याला पूर्ण वाक्य लिहिता येतं त्याला सेक्रेटरी करण्याची पद्धत होती. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

ज्या पोराबद्दल चर्चा चालली होती तो रसेल नॉस्के बाहेर कठड्यावर बसला होता. वय एकोणीस, उंची सहा फूट तीन इंच, आणि त्या उंचीचं काय करायचं हे त्याला फक्त चेंडू हवेत असताना कळायचं. एरवी तो दारातून वाकून आत यायचा आणि आल्याबद्दल क्षमा मागतोय असा उभा राहायचा. खोलीत त्याचा बाप होता. ऑल्विन नॉस्के टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीला टेकून बसला होता. गावात त्याच्याबद्दल म्हणायचे की त्याच्या लग्नात पाद्रीला 'हो' दोनदा विचारावं लागलं.

"ऑल्विन, तू काय म्हणतोस?" मी विचारलं.

ऑल्विननं टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "पेरणी झालीय," तो म्हणाला.

आम्ही तो होकार धरला. ठराव चार विरुद्ध तीन असा पास झाला. वॉरफील्डनं स्वतःहून मागितली तरच सोडचिठ्ठी द्यायची, असं एक कलम क्राउचनं जाताजाता घालून घेतलं.

मी घरी गेलो, सोडचिठ्ठीचा फॉर्म काढला, रसेलचं नाव भरलं, सही केली, शिक्का मारला आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. न मागितलेल्या कागदावर सेक्रेटरीनं सही करायची नसते. सतरा वर्षांत मी केलेला तो एकच गैरव्यवहार. कारण एवढंच की सहा वर्षं मी त्या पोराला इतिहास शिकवला होता. इतिहासात त्याला गती नव्हती. निदान भूगोलात तरी तो थोडा पुढे जावा, असं मला वाटलं.

कुराबिनचं मैदान गावाच्या पश्चिम टोकाला आहे. त्याच्यापलीकडे खाऱ्या पाण्याचं तळं, आणि तळ्यावरून येणारा वारा. हा वारा आमच्या संघातला एकोणिसावा गडी आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी खेळतो. आमचा फुटबॉल ऑस्ट्रेलियाचा, त्यात चेंडू हातांनी झेलतात आणि पायांनी मारतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या ठेंगण्या खांबाकडे सरकला तर पॉइंट, त्याचा एक. कुराबिनचं पोर उंच खांबांवर कधीच नेम धरत नाही. ते धरतं गव्हाच्या सिलोच्या, म्हणजे उंच कोठाराच्या, डाव्या कडेवर. बाकीचं काम वारा करतो. रसेलला हे ऑल्विननं शिकवलं, न बोलता. सहा वर्षांच्या पोराच्या मागं उभं राहून त्याची मान दोन्ही हातांनी सिलोकडे वळवायची, आणि सोडून द्यायची.

सामन्याला आमच्याकडे कुणी बाकावर बसत नाही. गाड्या कुंपणाला तोंड करून लावायच्या, काच वर करायची, मांडीवर रग घ्यायची, आणि आपल्या संघाचा गोल झाला की हॉर्न वाजवायचा. टाळ्या वाजवायला हात बाहेर काढावे लागतात. ऑल्विनची हिरवी पिकअप दक्षिणेच्या गोलमागं, पाइनच्या झाडाखाली लागायची. ती जागा त्याच्या बापाची होती. दुसऱ्या कुणी तिथं गाडी लावली असती तर ऑल्विन काही बोलला नसता, आणि तेच फार वाईट झालं असतं.

ऑल्विनचा हॉर्न सगळ्या गावाला ओळखू यायचा. कुणीही गोल मारला तरी तो लांब हॉर्न द्यायचा, सावकाश पाचपर्यंत मोजावं इतका. फक्त रसेलनं गोल मारला तर आखूड. एकदाच, पटकन, चुकून कोपर लागल्यासारखा. आपल्याच पोराचं कौतुक करतो असं कुणाला वाटू नये म्हणून. रसेलनं तोवर कुराबिनकडून चौसष्ट गोल मारले होते. चौसष्ट वेळा बापाचं कोपर लागलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रसेल शहरात गेला. वॉरफील्ड क्लबनं त्याला ब्रशच्या कारखान्यात नोकरी लावली आणि एका विधवा बाईंच्या घरी मागची खोली मिळवून दिली. मंगळवारी आणि गुरुवारी काम सुटल्यावर सराव. पहिल्या गुरुवारी कुणीतरी त्याच्या चड्डीत मालिशचं झोंबणारं तेल ओतलं. हे त्यानं घरी लिहिलं नाही, मला लिहिलं. खाली पुस्ती होती. 'आईला सांगू नका सर. थंडी मात्र वाजली नाही.'

पहिल्या शनिवारी तो राखीव होता. खांद्यावर घोंगडी घेऊन पूर्ण सामना बाकावर. आईला पत्र आलं. 'पहिला सामना झाला. जागा चांगली मिळाली. सगळं दिसत होतं.'

दुसऱ्या शनिवारी आमच्याच मैदानावर सामना चालू होता, आणि सगळ्या गाड्यांमध्ये रेडिओवर वॉरफील्डचा. शेवटची बारा मिनिटं उरली असताना निवेदक म्हणाला, "एक्केचाळीस नंबर आत येतोय, उंच पोरगा आहे, नाव जरा बघावं लागेल..." कागद चाळल्याचा आवाज आला. "नॉस्के." त्या क्षणी कुराबिनच्या मैदानाभोवती अकरा हॉर्न वाजले. आमच्या अंपायरनं खेळ थांबवला आणि कुणाचा गोल झाला म्हणून विचारलं. पाहुण्या संघाचा कप्तान म्हणाला, "ह्यांचा कुणीतरी मेला वाटतं." त्या बारा मिनिटांत रसेलचा हात चेंडूला एकदा लागला.

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, तार आली. 'अठरात आहे. उद्या. रसेल.' तारेबरोबर नव्हे, आदल्या दिवशीच्या टपालानं, क्लबचे दोन पास आले होते.

रसेलच्या आईला, व्हर्ना नॉस्केला, गाडी लागते. शिवाय त्या शनिवारी चहाच्या टपरीवर तिची पाळी होती. तिनं मटणाची सँडविचं बांधली, थर्मास भरला आणि माझ्याकडे आली. "सर, तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. शहरात ट्रामच्या रुळांवर गाडी घालतील आणि रूळ संपेपर्यंत जातील." मग नवऱ्याकडे वळून, "आणि अहो, तिथं तरी दोन टाळ्या वाजवा. पोरगं एकटं आहे तिथं."

"बघू," ऑल्विन म्हणाला.

शहर सव्वादोनशे मैल. ऑल्विन त्या प्रवासात तीन वाक्यं बोलला, त्यातली दोन मेंढ्यांबद्दल. तिसरं एका पेट्रोल पंपाजवळ. "सोडचिठ्ठी द्याल ना मास्तर, मागितली तर?"

मी खिसा चाचपला. "देऊ."

तो पुढे बघत राहिला. चार-पाच मैलांनी त्यानं मान हलवली.

सामना ईस्टमूरच्या मैदानावर होता. दुपारी दीडच्या सुमारास आम्ही गेटवर पोचलो. माणसांचा लोंढा आत चालला होता, आणि त्या लोंढ्यातून ऑल्विननं पिकअप हळूहळू थेट फिरत्या दारापर्यंत नेली.

"ओ काका! गाडी कुठं घालताय?" गेटवाला धावत आला.

"कुंपणाला लावतो," ऑल्विननं पास दाखवले. "झाड नसलं तरी चालेल."

गेटवाल्यानं वाकून माझ्याकडे बघितलं. "हे चेष्टा करतायत ना?"

"नाही," मी म्हणालो.

"काका, आत पंचवीस हजार माणूस आहे. गाडी कुणाच्या डोक्यावर लावू?"

"मग बघायचं कसं?"

"उभं राहून! माणसं बघतात तसं!"

ऑल्विननं त्या फिरत्या दारातून आत जाणाऱ्या माणसांकडे थोडा वेळ बघितलं. खांद्याला खांदा, टोप्यांवर टोप्या. मग त्यानं पिकअप मागं घेतली, आणि मैदानाला वळसा घालून, ट्रामचा रस्ता जिथं भिंतीला अगदी खेटून जातो तिथं, भिंतीला तोंड करून उभी केली. इंजिन बंद केलं. गुडघ्यावर रग घेतली.

"इथं बरं आहे," तो म्हणाला.

"ऑल्विन, समोर भिंत आहे."

"हो. पण पलीकडे गोल आहे ना?"

विटांच्या वर, दोन छपरांच्या फटीतून, उंच खांबांची टोकं दिसत होती.

"आहे."

"मग बरोबर आहे."

त्यानं रेडिओ लावला. पास माझ्या हातात होता आणि मी आत जाऊ शकलो असतो. सँडविचं आधीच उघडली होती, असं मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

सामना आम्हाला दोनदा ऐकू येत होता. रेडिओतून आणि भिंतीवरून. रस्त्यावर वारा जोरात होता. कागद, शेंगांची टरफलं, कुणाची तरी तिकिटं आमच्या काचेवर येऊन आपटत होती. ऑल्विननं काच दोन बोटं खाली केली, नाक वर करून वारा घेतला. "पश्चिमेचा," तो म्हणाला, आणि जरासा सैल बसला. आपल्याकडचाच वारा पोरासोबत इथवर आला, एवढं त्याला पुरेसं असावं.

पहिल्या क्वार्टरमध्ये निवेदकानं 'नॉस्के' दोनदा म्हटलं. दुसऱ्यात एकदाही नाही. तो जिवंत आहे की नाही याची शंका यावी इतका वेळ गेला. मध्यंतरात मी चहा ओतला.

"शांत खेळतोय," मी म्हणालो.

"शांतच आहे तो," ऑल्विन म्हणाला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रसेल बरा दिसू लागला, म्हणजे ऐकू येऊ लागला. दोन झेल, एक चांगला पास, एकदा कुणीतरी त्याला आडवा पाडला तेव्हा भिंतीपलीकडून आनंदाची आरोळी आली. ऑल्विनचा हात तेव्हा स्टिअरिंगच्या मध्यावर आला, आणि परत मांडीवर गेला. ईस्टमूर पुढे होतं, पण फार नाही. शेवटच्या क्वार्टरची दोन मिनिटं उरली तेव्हा वॉरफील्ड चार गुणांनी मागं होतं.

मग निवेदकाचा आवाज चढला. "उंच चेंडू, गोलसमोर, तीन माणसं वर जातायत, आणि नॉस्के! एक्केचाळीस नंबरच्या पोरानं तो दोघांच्या डोक्यावरून काढला! गोलपासून पस्तीस यार्ड, जराशा कोनात. आता त्याला कुणी अडवणार नाही. हा गोल झाला तर सामना वॉरफील्डचा!"

झेल घेतला की चेंडू त्याचा, आणि मारायला निवांत वेळ. ऑल्विननं रग बाजूला काढली. पंचवीस हजार माणसं गप्प झाली. भिंतीआडची ती शांतता रस्त्यावर उतरली. तीन सामने, ब्रशचा कारखाना, मागची खोली, माझ्या खिशातली सोडचिठ्ठी, सगळं त्या पस्तीस यार्डांत येऊन उभं राहिलं होतं. मला रसेलची पाठ दिसत नव्हती. पण तो चेंडू दोन्ही हातांत धरून सहा पावलं मागं जातोय, मोजे वर ओढतोय, हे मी पाहिल्यासारखं मला आजही आठवतं.

"पोरगा धावत येतोय..." निवेदक म्हणाला.

आणि आमच्या मागून ट्राम आली. तिच्या तारेची ठिणगी रेडिओत शिरली आणि निवेदकाचा आवाज त्या खरखरीत बुडाला. त्याच क्षणी भिंतीपलीकडे आरोळी उठली. आयुष्यात मी तेवढी मोठी आरोळी ऐकली नव्हती. विटा थरथरल्या.

ऑल्विननं हॉर्न दाबला.

लांब. आखूड नव्हे. पोराच्या पासष्टाव्या गोलला बापानं पहिल्यांदा लांब हॉर्न दिला. तळहात पूर्ण पसरून, खांदा पुढे घालून. रस्त्यावरची एक बाई छत्री धरून भिंतीला चिकटली. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. तीस वर्षांच्या ओळखीत मी त्याचे खालचे दात पहिल्यांदा पाहिले.

ट्राम पुढे गेली. रेडिओ साफ झाला. "...डाव्या बाजूनं बाहेर! फक्त पॉइंट! ईस्टमूरच्या पाठीराख्यांनी टोप्या उडवल्यात! वॉरफील्ड अजूनही तीननं मागं!"

आरोळी ईस्टमूरवाल्यांची होती. कुराबिनमध्ये कोण कुठल्या गाडीत बसलंय हे दिसतं. इथं आनंद नुसताच ऐकू येतो, कुणाचा ते कळत नाही.

ऑल्विननं ऐकलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते पोचताना पाहिलं. पण त्यानं हात काढला नाही. हळूहळू आरोळी विरली, माणसं शांत झाली, आणि हॉर्न त्या शांततेत एकटाच वाजत राहिला. पाचपर्यंत मोजून होईतो. मग त्यानं हात उचलला, रग पुन्हा गुडघ्यांवर घेतली, आणि तिच्या कडा नीट खोचल्या.

सामना तीन गुणांनी गेला.

खेळाडूंच्या दाराशी डन्स्टन भेटला. टोपी मागं सरकवून सिगरेट ओढत होता.

"चांगला पोरगा आहे," तो म्हणाला. "हात काय आहेत! पण सर, तो गोल... समोर मारायचा होता हो नुसता. माझ्या आईनं मारला असता."

"वारा," मी म्हणालो.

"कुठला वारा? चारी बाजूंनी स्टँड आहेत. आत सिगरेटचा धूर सरळ वर जातो." तो जरा हसला. "पुढच्या वर्षी बघू. पत्र टाकतो."

माझा हात खिशात होता. तो मी रिकामा बाहेर काढला आणि डन्स्टनशी हस्तांदोलन केलं. ते पत्र यायचं अजून बाकी आहे.

रसेल बाहेर आला तेव्हा केस ओले होते आणि कानाच्या पाळीवर रक्त सुकलं होतं. त्याला आत सांगून झालं होतं. नोकरी क्लबची होती, खोली क्लबच्या ओळखीची होती. दोन्ही क्लबबरोबर गेली. बॅग हातातच होती.

"डॅड."

"हं."

"कसं वाटलं?"

"वारा होता," ऑल्विन म्हणाला.

"नव्हता डॅड. मी वाऱ्यासाठी जागा सोडली होती. सिलो नव्हता तिथं, तर एका जाहिरातीवर नेम धरला. बिस्किटांच्या. बरोब्बर बिस्किटांवरून गेला." त्यानं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वारा आलाच नाही."

"बाहेर होता," ऑल्विन म्हणाला.

रसेलनं बापाकडे बघितलं. मग माझ्या वरच्या खिशातून डोकावणाऱ्या दोन न फाडलेल्या पासांकडे. बॅग पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकली.

आम्ही माझ्या बहिणीकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी निघालो. पिकअपला एकच लांब सीट. ऑल्विन चालवत, मी दाराशी, आणि मधे रसेल, गुडघे रेडिओला टेकवून. बालारट गावाच्या पुढे उन्हं वर आली.

"काल," रसेल पुढे बघत म्हणाला, "मी मारल्यावर बाहेर कुणीतरी गाढव हॉर्न वाजवत होतं. सगळे गप्प झाले तरी चालूच. आमचा कप्तान म्हणाला, बघा, ईस्टमूरवाले आता रस्त्यावरून पण चिडवायला लागले."

मी खिडकीबाहेर बघितलं. मेंढ्या होत्या.

"शहर आहे," ऑल्विन म्हणाला. "वाजवतात."

रसेलनं मान हलवली. त्यानं तो हॉर्न सहा वर्षांचा असल्यापासून ऐकला होता. पण स्वतःसाठी नेहमी आखूड. लांब तो दुसऱ्यांसाठी असायचा. त्यामुळे त्याला ओळखू आला की नाही, हे मला सांगता येणार नाही.

व्हर्ना फाटकाशी उभी होती. पोराच्या बॅगेकडे बघून ती समजली. "कान धू तो," म्हणाली. मग नवऱ्याला, "कसा दिसला मैदानात?"

"उंच," ऑल्विन म्हणाला.

"टाळ्या वाजवल्या?"

ऑल्विन गाडीखालून तेल गळतंय का ते बघायला वाकला.

क्राउचला एवढा आनंद झाला की सोमवारी त्यानं रसेलला एक पेला बिअर फुकट पाजली. गावाच्या स्मरणात असा प्रकार झालेला नाही. "मी म्हणालो नव्हतो?" तो सगळ्यांना सांगत होता. "तिथं काय ठेवलंय? आता बघा, आपण वर चढतो की नाही." सोडचिठ्ठी माझ्या कोटातच राहिली, आणि पुढे कोटाबरोबर धुवायला गेली.

त्या शनिवारी रसेल कुराबिनकडून खेळला. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय जड होते. कुणी त्याच्याशी फार बोलत नव्हतं, म्हणजे चांगुलपणानं. टपरीवर व्हर्नानं त्याला मोठा केक ठेवला होता, तो त्यानं खाल्ला नाही. सिलोच्या डाव्या कडेवर नेम धरून त्यानं दोन गोल मारले. पाइनखालून दोनदा आखूड हॉर्न आला. कोपर लागल्यासारखा. रसेलनं तिकडे बघितलं नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं दक्षिणेच्या बाजूला झेल घेतला, जवळजवळ तेवढ्याच कोनात, तेवढ्याच अंतरावर. मागं गेला. मोजे वर ओढले. सिलोकडे बघितलं, मारला. आणि आमचा वारा, जो एरवी पाद्रीची टोपी काढून नेतो, तो नेमका तेव्हा थांबला. चेंडू सरळ सिलोकडे निघाला आणि ठेंगण्या खांबाजवळून गेला. खांबांजवळच्या पांढऱ्या कोटातल्या अंपायरनं एक बोट वर केलं, एक झेंडा हलवला. पॉइंट.

रसेल कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभा राहिला.

पाइनखालून हॉर्न वाजला. लांब. सावकाश पाचपर्यंत.

सगळ्या गाड्यांतून माना वळल्या. क्राउच कुंपणावर चढला. "ए ऑल्विन! पॉइंट आहे, पॉइंट! डोळे गेले का रे?" शेजारच्या गाडीतली पोरं खिदळली. त्या दिवसापासून गावात पक्कं झालं की नॉस्केची नजर अधू झाली, आणि त्याला अंधारात गाडी चालवू देऊ नये, असं व्हर्नाला दोघा-तिघांनी काळजीनं सांगितलं.

रसेलनं मान वर केली. तो पिकअपकडे बघत राहिला. काचेवर उजेड होता, आतलं काही दिसत नव्हतं. मग त्यानं उजव्या हाताचं एक बोट वर केलं, त्या अंपायरसारखं, खांद्यापर्यंतच, आणि तसंच थोडा वेळ धरलं. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय, ते मी बसलो होतो तिथून दिसलं नाही. बचावातल्या पोस्टमननं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि चेंडू पुन्हा आत आला.

त्या मोसमात कुराबिन खालून दुसरं आलं. सगळ्यात खाली निंडा होतं. त्यांनी जूनमध्येच संघ बंद केला होता.